स्वतःच्या छोट्या विमानाने देशाबाहेर जायचं, तर परवानग्या सोप्या व्हाव्यात का?

वेंगुर्ल्याचा वारा:
माझ्या आतेभावाने मित्रासोबत भागीत एक जुनं सेसना १७२ घेतलंय, चार सीटचं. गेल्या हिवाळ्यात आमच्या चिपी विमानतळावरून निघून श्रीलंका करून यायचं आमचं पक्कं ठरलं होतं आणि ते कागदांपायी राहिलं. देशातल्या देशात उडतानाही फ्लाइट प्लॅन आणि एअर डिफेन्सचा क्लिअरन्स नंबर लागतो, तो आम्ही दरवेळी घेतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाहेर जायचं म्हटलं की जिथं कस्टम-इमिग्रेशन आहे तिथूनच निघायचं, पलीकडच्या देशाची आगाऊ परवानगी, विमा, जनरल डिक्लरेशन (विमान, पायलट आणि प्रवाशांचं घोषणापत्र), आणि जिथं विचारू तिथं पहिला प्रश्न हाच की तुमचा हँडलिंग एजंट, म्हणजे विमानतळावर तुमची कागदपत्रं आणि सोय बघणारा, कोण. एका एजंटने जो आकडा सांगितला त्यात आमचं जाण्यायेण्याचं पेट्रोल दोनदा भरून झालं असतं. उद्योगपतीच्या जेटला जी पद्धत तीच चार सीटच्या पंख्याच्या विमानाला, हे कुठल्या हिशोबात बसतं?

नागरी विमानवाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो कराराच्या पाचव्या कलमात ठरलेल्या वेळापत्रकावर न उडणाऱ्या विमानाला आगाऊ परवानगीशिवाय दुसऱ्या सदस्य देशात यायची मुभा दिली होती, फक्त वाटेत उतरायला लावायचा हक्क त्या देशाने स्वतःकडे ठेवायचा. आपल्याकडे प्रत्यक्षात आगाऊ परवानगी लागतेच. अमेरिकेत जाता-येताना पायलट स्वतः ऑनलाइन प्रवाशांची नावं भरतो, निघायच्या किमान एक तास आधी, उतरायची वेळ कस्टमला कळवतो आणि संपलं. तपासणी होऊ दे की, दहा वेळा होऊ दे, पण एकच फॉर्म, ठरलेली फी, आणि एजंटची सक्ती नको. एवढंच मागणं आहे.

दिघीकर:
दादा, तुमची हौस कळते, पण मी श्रीवर्धन तालुक्यातला आहे. १९९३ ला दिघी आणि शेखाडीला आरडीएक्स उतरलं तेव्हा मी सातवीत होतो, नंतर कित्येक महिने गावात पोलिसांच्या गाड्या आणि घरातल्या मोठ्यांचे पडलेले आवाज, ते मी विसरू शकत नाही. त्यात कस्टमच्या अधिकाऱ्यांनाही पुढे शिक्षा झाल्या. म्हणजे कागद होते, माणसं होती, तरी घडलं. दोन वर्षांनी, डिसेंबर १९९५ ला, पश्चिम बंगालमधल्या पुरुलियावर विमानातून शस्त्रं टाकली, ते विमान पळून गेलं होतं आणि परत आलं तेव्हा मुंबईला उतरवलं. आणि तुमचंच ते सेसना १७२, १९८७ ला एक अठरा वर्षांचा जर्मन मुलगा हेलसिंकीहून थेट मॉस्कोच्या लाल चौकाशेजारी घेऊन उतरला, सोव्हिएत हवाई दलाच्या डोळ्यांदेखत. छोटं विमान आहे म्हणून सोडा हे मला मुळीच पटत नाही.

वेंगुर्ल्याचा वारा:
शेखाडीला माल होडीने आला, म्हणून मच्छीमारी बंद झाली का? आणि जो शस्त्रं टाकणार तो फॉर्म भरायला येणारच नाही. जो फॉर्म भरतो त्याला तीन आठवडे फिरवून किनारा कसा सुरक्षित होतो ते सांगा.

दिघीकर:
फिरवू नका हे मान्य. पण एजंट म्हणजे निदान एक जबाबदार माणूस जमिनीवर असतो, ज्याला धरता येतं. तो काढून टाकायचा तर त्याच्या जागी कोण, हे आधी ठरवा.

हँगरवाली, सावंतवाडी:
मी विमानांच्या मेंटेनन्समध्ये अकरा वर्षं आहे म्हणून लिहिते. वारा दादा, तुमची कागदांची तक्रार खरी आहे, पण खरा अडसर पेट्रोलचा आहे. या इंजिनाला जेटचं इंधन चालत नाही, अ‍ॅवगॅस म्हणजे विमानाचं खास पेट्रोल लागतो, आणि तो हव्या त्या विमानतळावर मिळत नाही. २०२२ ला इंडियन ऑइलने तो इथे बनवायला घेतला, त्याआधी सगळा बाहेरून यायचा. रोज सकाळी आम्ही पंखातल्या टाकीच्या खालून छोट्या पारदर्शक कपात थोडा काढून उजेडाला धरतो, रंग निळा पाहिजे, आणि तळाला पाण्याचा थेंब गोळी होऊन बसलाय का ते बघायचं. कोकणातल्या दमट हवेत अर्धी टाकी रात्रभर ठेवली की ती गोळी दिसतेच. परक्या ठिकाणी बॅरलमधून भरलेल्या तेलाची ही खात्री कोण देणार?

१९३० च्या इंग्लंड-भारत एकट्याने उडायच्या आगाखान स्पर्धेत अ‍ॅस्पी इंजिनीअर नावाचे पायलट इजिप्तमध्ये अबुकीरला स्पार्क प्लगसाठी अडकून पडले होते, उलट दिशेने येणाऱ्या जेआरडी टाटांनी स्वतःजवळचे दिले, आणि अ‍ॅस्पी जिंकले. आज तुम्हाला प्लग द्यायला कोण येणार आहे?

आणि चिपीला कस्टम नाही म्हणून अडायचं कारण नाही. मदुराई साधारण साडेआठशे किलोमीटर, चार तास, तिथं पेट्रोलला थांबावंच लागेल आणि कस्टमही तिथंच आहे. अजून एक, सॅटेलाइट फोन बरोबर घेऊ नका, आपल्याकडे तो परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे.

वेंगुर्ल्याचा वारा:
ताई, मदुराईचं बरोबर आहे, चिपीचा मुद्दा मी सोडला. एजंटचा नाही सोडत. २०१९ ला मुंबईच्या आरोही पंडितने लाइट स्पोर्ट म्हणजे अगदी हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला, आइसलँड-ग्रीनलँड करत. आपली पोरं तिकडे जाऊन हे करतात आणि इथं शेजारच्या देशात जायला आम्ही पेट्रोलच्या दुप्पट पैसे कागदांना द्यायचे?

मालवणचो तांडेल:
माका ह्यातला एकच कळता, पाणी. २६/११ नंतर आम्हाला बायोमेट्रिक कार्ड काढायला लावलं, आम्ही काढलं, कोणी दर्यात जायचा थांबला नाय. तुम्हाला पण कार्ड द्यावं आणि जाऊ द्यावं असं माझं मत. पण इंजिन एकच ना? मध्येच बंद पडला तर?

वेंगुर्ल्याचा वारा:
काका, आठ हजार फुटांवरून वीस-बावीस किलोमीटर तरंगत जाता येतं. आपलं धनुष्कोडी ते श्रीलंकेचं तलाईमन्नार समुद्र साधारण तीस किलोमीटर, म्हणजे मध्यावर असलो तरी कुठलाही किनारा आवाक्यात. तो मार्ग मिळाला तरच जाणार, नाहीतर नाही. फुगणारा तराफा, जागा कळवणारा बीकन आणि लाइफ जाकिटं घेतलीत.

मालवणचो तांडेल:
जाकीट अंगात घालून बसा, पण आत फुगवू नका. आमच्या ट्रॉलरात पाणी भरत होता तेव्हा एका पोराने घाबरून केबिनमध्येच जाकिटाची दोरी ओढली, छताक चिकटलो, दारातून खाली बुडून भायर येवक जमलाच नाय. काच फोडून काढलो.