वजन बेताचे असूनही एचबीए१सी ६.१ : रोजचे जेवण, हालचाल आणि घरातील सवयी यांत काय बदलावे?

शेवंती :

नमस्कार. माझे वय ४३ वर्षे, उंची १५४ सेंटिमीटर आणि वजन ५३ किलो आहे. सांगलीत एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते, त्यामुळे दिवसातील बहुतेक वेळ खुर्चीतच जातो. नुकत्याच केलेल्या तपासणीत उपाशीपोटी साखर १०८, एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) १९०, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३८ आणि हिमोग्लोबिन १०.२ आले. कमरेचे माप ८६ सेंटिमीटर आहे. रक्तदाब ठीक आहे. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी साखर वाढली होती. नंतर ती उतरली असे सांगण्यात आले आणि पुढे कधी तपासणी झाली नाही. आईला मधुमेह आहे.

घरात आम्ही चार माणसे आहोत. सकाळी उठल्यावर चहा आणि खारी, सर्वांचे डबे भरून झाल्यावर दहाच्या सुमारास पोहे किंवा उपमा, दुपारी पोळी-भाजी-भात, पाच वाजता पुन्हा चहा आणि रात्रीचे जेवण सर्वांचे उरकल्यावर दहा वाजता, असा माझा दिवस असतो. संकष्टी आणि श्रावणी सोमवार करते. मी बारीक असल्यामुळे ‘तुला काय धाड भरली आहे’ असेच सगळे म्हणतात. माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करणे शक्य नाही. जेवण, हालचाल आणि घरातील इतर सवयी यांत असे काय बदलता येईल, जे वर्षानुवर्षे टिकेल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निंबोणी :

शेवंतीताई, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे आहारापुरते लिहिते.

प्रथम वजनाचा विचार बाजूला ठेवा. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) साधारण २२.३ येतो आणि तो कागदावर निर्दोष दिसतो. नेमक्या याच आकड्यावर २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपले दोघांचे छायाचित्र छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. आपल्याकडे हातपाय बारीक, स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी अशी ठेवण फार आढळते, म्हणूनच भारतीय स्त्रियांसाठी कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर धरली जाते. तुमची कंबर, साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल या चारही गोष्टी मर्यादेबाहेर आहेत. वजन उतरवण्यासाठी जेवण तोडले, तर आहे तो स्नायूही जाईल.

आता ताटाकडे येऊ. जी बाई सर्वांत शेवटी जेवते, तिच्या वाट्याला काय येते ते प्रत्येक घरात दिसते : भाजीचा तळ, आमटीवरचे पाणी, भरपूर भात, लोणचे आणि वाया जाऊ नये म्हणून सकाळची उरलेली पोळी. म्हणजे पिष्ट पदार्थ पुरेसे किंवा अधिक, आणि प्रथिने व भाजी जवळजवळ नाहीच. माझ्या अनुभवात साखर वाढलेल्या बहुतेक गृहिणींचे मूळ दुखणे गोड खाणे हे नसून ही वाढण्याची रीत आहे. त्यामुळे पहिली सूचना अशी की डबे भरताना आपल्या वाट्याची उसळ आणि भाजी त्याच वेळी वेगळ्या वाटीत काढून ठेवावी आणि रात्री मुलांबरोबर साडेसात-आठला जेवायला बसावे. वेगळे काही शिजवावे लागत नाही. फक्त घरातील माणसांना एकदा नीट सांगावे लागते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला दिवसाला किमान ४४ ग्रॅम प्रथिने हवीत. तीस ग्रॅम कच्च्या डाळीच्या घट्ट वरणातून सुमारे ७ ग्रॅम मिळतात, मूठभर शेंगदाण्यांतूनही जवळपास तेवढीच, एका अंड्यातून ६. पोहे करायचेच असतील तर पोहे निम्मे आणि वाफवलेली मटकी, मटार, शेंगदाणे निम्मे असे करावे. सकाळच्या चहाबरोबर खारी खाण्याऐवजी तोच नाश्ता आठ वाजता घ्यावा. जेवताना आधी कोशिंबीर, पालेभाजी आणि उसळ थोडी खाऊन मग भाकरी व भात घेतला, तर जेवणानंतरची साखर कमी चढते असे प्रयोगांतून दिसले आहे.

तेलाचे मोजमाप महिन्याच्या सामानात करणे सोपे जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या नमुना ताटात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चार माणसांच्या घरी ते महिन्याला साधारण साडेतीन लिटर होते. तुमच्याकडे किती येते ते पाहावे.

वाटसरू :

माझ्या बहिणीने गहू आणि तांदूळ पूर्ण बंद करून तिन्ही वेळा ज्वारी आणि नाचणी सुरू केली आणि तिची साखर आटोक्यात आली. तुम्हीही तेच करावे असे मनापासून सुचवतो. भाकरी हवी तेवढी खाल्ली तरी चालते.

निंबोणी :

वाटसरू, ज्वारी उत्तमच आहे आणि तुमच्या बहिणीला गुण आला याचा आनंद आहे, परंतु शेवटच्या वाक्याला मात्र मी ठामपणे हरकत घेते. ज्वारीत तंतू भरपूर आहेत, तरीही तिच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पिष्टच आहे. तीन भाकऱ्या आणि चमचाभर भाजी हे जेवण ज्वारीचे असले तरी साखर चढवणारच. एक-दीड भाकरी, वाटीभर मेथी किंवा चाकवत, वाटीभर घट्ट पिठले किंवा उसळ आणि ताक, असे ताट झाले की भाकरीचा खरा उपयोग होतो. थोडा भातही अशा ताटात बसतो. पूर्ण बंदीचे पथ्य सण आणि लग्नसराई आली की मोडते, आणि शेवंतीताईंना वर्षानुवर्षे टिकणारे हवे आहे.

पाऊलवाट :

मी फिजिओथेरपिस्ट आहे. निंबोणी यांनी स्नायूंचा उल्लेख केला, तेथूनच पुढे लिहितो, कारण या प्रश्नात मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

जेवणातून आलेली साखर साठवण्याची शरीरातील सर्वांत मोठी जागा स्नायू ही आहे. शिवाय स्नायू आकुंचन पावत असताना तो इन्सुलिन या साखर पेशींत नेणाऱ्या संप्रेरकाच्या मदतीशिवायही रक्तातील साखर आत ओढून घेतो. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे हे सकाळी एकदाच तासभर फिरून उरलेला दिवस बसून काढण्यापेक्षा तुमच्यासारख्या बैठ्या कामाच्या स्त्रीला अधिक सोयीचे आणि उपयोगी ठरते. दुपारी डबा खाल्ल्यावर पतसंस्थेच्या आवारातच चालावे. दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटे उठावे. पाणी स्वतः उठून आणणे, फाइल स्वतः नेऊन देणे एवढेही चालते. एकूण बेरीज आठवड्याला किमान १५० मिनिटे व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्याच शिफारशीत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितलेला आहे, आणि आपल्याकडे स्त्रियांच्या बाबतीत तोच पूर्णपणे राहून जातो.

त्यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड, टाचा उचलून उभे राहणे आणि लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या हातात धरून खांद्यापर्यंत उचलणे, एवढ्यापासून आरंभ करावा आणि शेवटच्या दोन-तीन वेळा दमछाक होईल इतकी संख्या ठेवावी. सोपे वाटू लागले की भार वाढवायचा. तो न वाढवल्यास स्नायूही वाढत नाही. गुडघे दुखत असतील तर उंच खुर्ची घ्यावी. ‘घरकामात दिवसभर उभीच असते’ हे खरे असले तरी ओट्याशी उभे राहण्याने थकवा येतो, ताकद येत नाही. रजोनिवृत्तीनंतर स्नायू आणि हाडे दोन्ही झपाट्याने उतरतात आणि चरबी पोटाकडे सरकते, त्यामुळे ४३ हे वय यासाठी अगदी योग्य आहे.

वजनकाटा न हलल्यास निराश होऊ नये. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांपैकी नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला, तर आहार-व्यायाम पाळणाऱ्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरलेले नव्हते.

कृष्णाकाठ :

घरातील वातावरणाबद्दल येथे अद्याप कोणी लिहिले नाही. मी पर्यावरणशास्त्र शिकवते. हवेतील सूक्ष्म कण रक्तात पोहोचून शरीरात मंद दाह निर्माण करतात आणि इन्सुलिनचे काम बिघडवतात, असे अनेक देशांतील पुरावे आहेत. दिल्ली आणि चेन्नई येथील हजारो प्रौढांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही पीएम २.५ (असे अतिसूक्ष्म कण) आणि मधुमेह यांचा संबंध आढळला. रस्त्यावरची हवा आपल्या हाती नाही, पण मिरचीची फोडणी आणि तळणीचा धूर कोंडलेल्या स्वयंपाकघरात जी उभी राहते तिच्यासाठी खिडकी उघडणे किंवा धूर बाहेर फेकणारा पंखा बसवणे घराच्या हाती असते. बंद खोलीत रात्रभर डासांची कॉइल लावू नये. मच्छरदाणी केव्हाही चांगली. फिरायला वाहनांच्या गर्दीचा रस्ता टाळून मैदान किंवा आतली गल्ली निवडावी.

प्लास्टिकबाबत भीती नको, सावधगिरी हवी. बिस्फेनॉल-ए आणि थॅलेट ही प्लास्टिकमधील रसायने संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात आणि उष्णतेने व तेलाने ती अन्नात अधिक उतरतात. गरम आमटी प्लास्टिकच्या डब्यात भरू नये, मायक्रोवेव्हमध्ये काचेचे भांडे वापरावे आणि डबा स्टीलचाच न्यावा.

झोपही याच सदरात येते. रात्री अकरानंतर भांडी आवरून, मग मोबाइल पाहून बारा-साडेबाराला झोपणे आणि पाचला उठणे, असे असेल तर भूक आणि साखर दोन्ही बिघडतात. लवकर जेवण झाले आणि आवराआवर घरातील इतरांनी वाटून घेतली, तरच सात तासांची झोप जमते.

शेवंती :

सर्वांचे मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. उपवासाला साबुदाण्याची खिचडी सोडून काय घ्यावे? आणि माझी धाकटी मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिची मान काळवंडली आहे आणि पाळी दोन-दोन महिने येत नाही. घासूनही मान उजळत नाही. तिचाही याच्याशी संबंध असेल का? त्या बाळंतपणातच माझी साखर वाढली होती.

निंबोणी :

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने नगण्य. राजगिऱ्याच्या पिठाचे थालीपीठ आणि दही, किंवा थोडी वरी आणि वाटीभर दाण्याची आमटी व काकडीची कोशिंबीर, हे उपवासाला चालते आणि पोटही भरते. तळलेले साबुदाणावडे आणि बटाट्याचा चिवडा टाळावा. पुढे औषध सुरू झाले, तर उपवासाआधी डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

जुना दवाखाना :

मी निवृत्त वैद्यकीय अधिकारी आहे. वरचे सल्ले योग्यच आहेत. मी केवळ तपासण्यांविषयी लिहितो.

लोहाची कमतरता असताना एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा थोडे जास्त दिसू शकते. तुमचे हिमोग्लोबिन १०.२ आहे, म्हणून केवळ ६.१ या आकड्यावर न थांबता उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी अशी तपासणी करून घ्यावी. दुसरा आकडा १४० ते १९९ आल्यास मधुमेहपूर्व अवस्था आणि २०० किंवा अधिक आल्यास मधुमेह समजतात. उपाशीपोटीची १०८ ही साखर आणि चरबीचे आकडे पाहता निश्चिंत राहण्यासारखी स्थिती नाही. गरोदरपणी साखर वाढलेल्या स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सात ते दहा पट असतो, त्यामुळे ही तपासणी दर एक ते तीन वर्षांनी आयुष्यभर करावी लागते. सोबत फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करावे. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर त्याचे कारण स्त्रीरोगतज्ज्ञांकडून शोधून घ्यावे. केवळ लोहाच्या गोळ्या घेऊन ते कारण जात नाही. गोळ्या घेताना आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा घेऊ नये.

मुलीच्या मानेवरचा काळेपणा हा मळ नाही. त्वचा जाड, मखमलीसारखी आणि काळसर झाली असेल तर ती शरीरात इन्सुलिन वाढल्याची खूण असू शकते. तिची मान घासू नका आणि त्यावरून घरात कोणी तिला बोलू नये, हे आधी पाहा. पाळी सुरू झाल्यानंतर पहिली दोन-तीन वर्षे ती अनियमित असू शकते, त्यामुळे लगेच पीसीओएसचा (बीजाशयाशी संबंधित संप्रेरकांच्या बिघाडाचा) शिक्का मारू नये. मात्र तीन वर्षे उलटली असतील किंवा तीन महिन्यांहून अधिक काळ पाळी येत नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि साखरही पाहून घ्यावी. ज्या आईला गरोदरपणी साखर होती तिच्या मुलांमध्ये हा धोका अधिक असतो. तिला वेगळे पथ्य न लावता, वर सांगितलेले ताट आणि जेवणानंतरचे चालणे दोघींनी एकत्र सुरू करावे, आणि तिच्या तपासणीसाठी तुमच्या निकालांची वाट पाहू नये.