मदत हवी आहे: मिनी-झेडचे एएए सेल नेमके कशावरून जुळवायचे?

वळणावर_सांभाळून:
मंडळी, आरसी म्हणजे रिमोटच्या गाड्यांवर इथे फारसं कुणी लिहीत नाही, तरी धागा काढतोय. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी क्योशो कंपनीच्या मिनी-झेड या छोट्या गाड्या पळतात. नियम साधे आहेत: स्टॉक (कंपनीचीच) मोटर आणि चार एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड, रिचार्जेबल) एएए सेल. लिथियम चालत नाही, तेव्हा "लायपो टाका" हा सल्ला कृपया नको. चारही सेल सिरीजमध्ये, म्हणजे ४.८ व्होल्ट, आणि सगळी भिस्त त्यांच्यावर.

माझे सेल एकाच पॅकमधले, ७५० एमएएच क्षमतेचे. चार्जरवर ५०० मिलिअँपिअरने रिकामे करून पाहिले तर ७४१, ७३६, ७४४, ७३९ असे आकडे आले. याहून जुळलेले आणखी कुठे मिळणार? तरी पहिली काही मिनिटं गाडी झकास पळते आणि मग ट्रॅकच्या सरळ भागात दम टाकते. झाकण काढून पाहिलं तर तीन सेल कोमट आणि एक इतका तापलेला की बोट ठेववत नाही. थोडं थांबून पुन्हा सोडली की जरा वेळ ठीक.

चार्जरवर आयआरही (सेलचा अंतर्गत रोध) दिसतो, पण त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? एकच सेल एकदा ४२ मिलिओहम दाखवतो, काढून परत घातला की ७०. आणि सध्या नागपुरात पारा पंचेचाळिसाला टेकलाय. भर दुपारी चार्ज करताना सेल भरला तरी चार्जर थांबतच नाही, नुसता तापवत बसतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

स्लॉटवेडा:
नवे सेल घ्यायची घाई करू नका. तापणाऱ्या सेलवर मार्करने खूण करा, गाडीत त्याची जागा बदला आणि पळवा. खूण केलेलाच पुन्हा तापला तर सेल गेला. त्या जागी आलेला दुसरा तापला तर सेलला सोडा आणि खणात सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या तपासा.

वळणावर_सांभाळून:
कमाल आहे! खूण केलेला सेल आता इतरांसारखाच कोमट. मागच्या उजव्या खणात गेलेला मात्र तापला. त्या खणाची पट्टी काळपट दिसतेय आणि आत दबलेलीही आहे.

स्लॉटवेडा:
मग चोर सापडला. गणित करून पाहा. पट्टीपाशी नुसता १०० मिलिओहमचा अडथळा धरा. गाडीने २ अँपिअर ओढले की तिथेच ०.२ व्होल्ट गायब, म्हणजे एका सेलच्या १.२ व्होल्टमधला सहावा हिस्सा. त्याची होते उष्णता, आणि ती थेट सेलच्या टोकात शिरते. पट्टी बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, चिमट्याने अलगद पुढे ओढा. सेलची दोन्ही टोकंही पुसा. चार्जरमध्ये आयआर उड्या मारतो तोही याच कारणाने: सेलचा स्वतःचा रोध इतका कमी की स्प्रिंगपाशी जरा मळ असला तरी आकडा फुगतो. सेल खणात दोन-तीनदा फिरवा आणि सर्वांत कमी येणारा आकडा धरा. सगळे सेल एकाच तापमानाला मोजा. गरम सेलचा आयआर कमी दिसतो.

जुना_सबसी:
पट्टीचं पटलं, पण मूळ प्रश्न राहिलाच की. एमएएच जुळले म्हणजे सेल जुळले असं नाही. आमच्या वेळी १/१० आकाराच्या गाड्यांना सहा सब-सी (एएएहून बरेच जाड) सेलचा ७.२ व्होल्टचा पॅक असायचा. मॅच केलेल्या प्रत्येक सेलवर स्टिकर असे: ३० अँपिअर ओढल्यावर ०.९ व्होल्टपर्यंत यायला किती सेकंद लागले आणि तेवढ्या वेळात सरासरी व्होल्टेज किती राहिलं. शर्यतीत जेवढा करंट जातो तेवढ्यावर तपासायचं, हाच त्यातला मुद्दा. तुमचे ५०० मिलिअँपिअर म्हणजे गाडीने कोपऱ्यातून चालत जाणं. चार्जर देत असेल तर १ अँपिअरने रिकामे करा, मध्यावर प्रत्येकाचं व्होल्टेज लिहा आणि त्यावरून सारख्या चार सेलची चौकडी लावा. नुसता मल्टिमीटर टेकवून जुळवणारे असतात, त्यांच्या नादी लागू नका. लोड नसताना एनआयएमएच सेल बराच रिकामा झाला तरी व्होल्टेज फारसं हलत नाही.

चौकडी एकदा लागली की फोडायची नाही. अ१ ते अ४ असे नंबर टाका. एक सेल कमजोर असला की तो आधी संपतो आणि उरलेले तिघे त्याच्यातून करंट ढकलतच राहतात, त्याचे प्लस-मायनस उलटतात. तिथे सेलची वाट लागते. म्हणून गाडी मंदावली की उचला, "एक लॅप अजून" करू नका.

वळणावर_सांभाळून:
हे सोन्यासारखं. आणि चार्जिंगचं?

जुना_सबसी:
भरलेल्या सेलचं व्होल्टेज किंचित खाली येतं आणि त्या घसरणीवरून चार्जर थांबतो. सेल तापलेला असेल किंवा करंट फार कमी असेल तर ही घसरण इतकी बारीक होते की चार्जरला कळतच नाही. म्हणजे २०० मिलिअँपिअरवर ठेवून "हळू चार्ज, सेल सुखरूप" असं नसतं. ७५०च्या सेलला ४०० ते ७०० ठेवा. शर्यतीतून काढलेला सेल आधी गार होऊ द्या, मग चार्जर पंख्याखाली. कूलरच्या अगदी तोंडाशी नको, पाण्याचे तुषार उडतात. जमलं तर सकाळीच भरून ठेवा.

बरेच दिवस पडून राहिलेले सेल असतील तर एकदा ०.१सीने (क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने), म्हणजे ७५ मिलिअँपिअरने, १६ तास चार्ज करा. चार्जरमध्ये ब्रेक-इन नावाने असतं ते. तिथे वेळ ठरलेली असते, घसरणीची वाट पाहायची नसते. आणि पूर्ण रिकामे करून कपाटात टाकू नका, पुढे चार्जर सेल ओळखतच नाही.

वळणावर_सांभाळून:
पट्टी घासली. चौघेही सारखेच कोमट, दम टाकणंही बरंच कमी झालंय. आता १ अँपिअरवर पुन्हा चौकडी लावतो. एक शेवटचं: आयसोप्रोपिल सुट्टं कुठे मिळेल? मेडिकलवाला सॅनिटायझर हातात देतो.

संत्रानगरी:
सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. सीताबर्डीला मोबाइल रिपेअरचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा, बाटली मिळून जाईल.