जुन्या स्वेटरचं तुम्ही काय केलंत? अनुभव सांगा

मृगाच्या आधी कपाटं रिकामी करून उन्हात घालायची आमच्या घरची रीत. यंदा खालच्या खणात ११ स्वेटर निघाले. घालणाऱ्यांपैकी काही पुण्या-बेंगळुरात, दोघे आता नाहीत. टाकवत नाही आणि घालणारं कुणी नाही. बेळगावची थंडी तशी बेताचीच, पण गाव ७५० मीटरच्या आसपास उंचीवर, त्यात पावसाळ्यातलं ते भिजकं गार वारं. त्यामुळं घरोघरी स्वेटरची चळत असतेच. कुणी त्यातून काही नवं केलं असेल तर लिहा. बिघडलेलं तर आवर्जून लिहा, त्यातूनच जास्त कळतं.

सुरुवात मी करते. माझं पहिलं काम म्हणजे निव्वळ घोटाळा होता. मामंजींचा करडा, अस्सल लोकरीचा स्वेटर लेकानं वॉशिंग मशीनमध्ये टाकला, तोही गरम पाण्यात, जीन्सबरोबर. बाहेर आला तो पाच वर्षांच्या पोराच्या मापाचा. मी रडायच्या बेतात. सासूबाईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "घोंगडं झालं की गे ह्याचं!"

अगदी तेच झालं होतं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. वीण दिसेनाशी होते, कापड जाड होतं, आणि मुख्य म्हणजे कात्री लावली तरी कड उसवत नाही. आता मी मुद्दाम तसं करते. स्वेटर उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधायचं, नाहीतर निघालेला भुगा मशीनच्या जाळीत जाऊन बसतो. लेबलवर सुपरवॉश लिहिलं असेल तर नाद सोडा, ती लोकर आटू नये म्हणूनच प्रक्रिया केलेली असते.

मामंजींच्या त्या स्वेटरातून चष्म्याची तीन घरं, टाचण्यांची उशी आणि गरम पातेल्याखाली ठेवायच्या चार चकत्या निघाल्या. मनगटाच्या पट्टीत लेकाची पाण्याची बाटली फिट्ट बसली. शिवणयंत्रावर दोन थर एकदम घेतले आणि सुई मोडली. तेव्हापासून १६ नंबरची सुई लावते, किंवा सरळ हातानं ब्लँकेट टाका घालते.

निपाणीहून

चकत्यांचं वाचून राहवलं नाही. मी पण केल्या होत्या, लाल-पिवळ्या, फार देखण्या. चुलीवरून भाकरीचा तवा उतरवताना एक चकती तव्याला टेकली आणि चिकटलीच. वितळली हो! घरभर प्लास्टिकचा वास, तवा दोन दिवस घासत होतो. (आमच्याकडं बायकाही 'होतो'च म्हणतात, हसू नका.) दुकानात लोकर म्हणून मागितली तरी बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक मिळतं, हे तेव्हा कळलं. आता आधी एक धागा चिमट्यात धरून काडी लावते. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांनी चुरली तर लोकर. टणक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. त्याची बाहुली करा, पिशवी करा, चुलीजवळ नेऊ नका.

वडगावहून, मागवाल्यांच्या घरातून

कापायची एवढी घाई का करता? आधी उसवून बघा. आमच्याकडं साड्यांचे माग, त्यामुळं सूत वाया गेलेलं बघवत नाही.

स्वेटर उलटा करून बगलेखालची शिवण बघा. तिथं ओव्हरलॉक, म्हणजे कापलेली कड दोऱ्यांनी गुंफणारी मशीनची शिवण असेल तर तो स्वेटर कापडासारखा कापून शिवलेला आहे, प्रत्येक ओळीला धागा तुटलेला. उसवलात तर हातभर लांबीच्या चिंध्या हाती येतील. असा स्वेटर वरच्या ताईंसारखा मशीनमध्ये आटवायलाच बरा. कडेचे टाके अखंड असतील तर मात्र आत दोन-तीनशे ग्रॅम चांगला धागा बसलाय. हातानं विणलेला स्वेटर बहुतेक वेळा खालच्या पट्टीपासून गळ्याकडं चढवलेला असतो. म्हणून उसवायचा गळ्याकडून. खालून सुरू केलात तर टाक्याटाक्याला अडतो, मग चिडून कात्री घेता आणि सगळं संपतं.

निघालेला धागा लगेच गुंडाळू नका. तो शेवयांसारखा वळलेला असतो, तसाच विणलात तर वीण सुजल्यासारखी दिसते. खुर्ची उलटी करून तिच्या पायांवर लड करा, चार ठिकाणी सुती दोऱ्यानं सैल बांधा, कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून बुडवा. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबायचं. मग सावलीत टांगून खाली हलकं वजन लावायचं. मी मागावरच्या, सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या अडकवते. एकदा हौसेनं वजनकाट्याचा दगड लावला आणि धागा ताणून मेला, नंतर विणलेली टोपी पहिल्या धुण्यातच आटली.

दोन घरचे स्वेटर मिळून ७०० ग्रॅम धागा जमला. बाबांचा एक हातमाग मागच्या खोलीत कधीचा बंद पडलाय. त्यावर ताण्याला (उभ्या धाग्यांना) सुती आणि बाण्याला (आडव्यांना) ही लोकर घालून त्यांनीच देवघरापुढं टाकायची पट्टी विणून दिली. रंग जसे हाती आले तसे. पहिल्या वीतभर ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "लोकर लवचिक आहे, ठोका हळू मारायला पाहिजे." इतक्या वर्षांनी मागाचा आवाज ऐकून शेजारची दोन माणसं बघायला आली.

एक निवृत्त फौजी, बेळगाव तालुका

माझ्याकडे फौजेतली हिरवी जर्सी होती. खांद्यांवर आणि कोपरांवर कापडाचे ठिगळ असतात ती. अंगात बसेना. सौभाग्यवती म्हणाल्या, कापा. अंगाचा भाग कापायला हात झाला नाही, ट्रंकेत आहे. बाह्या कापल्या, गुडघ्यांवर चढवल्या. कोपराचं ठिगळ बरोबर वाटीवर येतं. वरच्या कडेला इलॅस्टिक घालावं लागतं, नाहीतर चालताना घोट्यापर्यंत उतरते. सकाळी मैदानाला चार फेऱ्या होतात. एवढंच.

जांबोटीकडून

आमचा शत्रू कसर. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस म्हणजे चार महिने कपाटाला घाम. वडिलांच्या मफलरीला आणि दोन स्वेटरांना मोहरीएवढी भोकं पडली होती. उडणारी पाखरं काही खात नाहीत, खातात त्यांच्या अळ्या, आणि त्यांना घामाचे, तेलाचे डाग लागलेला भाग फार आवडतो. म्हणून न धुता ठेवलेला स्वेटर आधी जातो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा म्हणतात. आमच्याकडं पावसात सलग आठवडाभर वीज असली तर ठेवू की! शेवटी बेळगावात बहिणीच्या फ्रीजरमध्ये ठेवले, मटणाच्या डब्याशेजारी, त्यावरून भाऊजींचं जे ऐकलं ते लिहीत नाही. नंतर बायकोनं प्रत्येक भोकावर गडद लाल धाग्यानं लहान फूल भरलं. आता लोक विचारतात, हे डिझाइन कुठं मिळालं.

चिकोडीजवळून

आईनं सहा स्वेटर उसवून नाही, कापून नाही, तसेच्या तसे आत पसरून वाकळ शिवली, वरून दोन जुनी लुगडी. (शेजारच्या कन्नड काकू तिला कौदी म्हणतात. हल्याळकडच्या सिद्दी समाजाच्या बायकाही अशाच रंगीत गोधड्या शिवतात.) ऊब विचारू नका, पौषात घाम फुटतो. पण बटणं काढायला ती विसरली. रात्री कूस बदलली की पाठीला टोचतात. आणि धुतल्यावर उचलायला तिघं लागतात, सुकायला तीन दिवस. अशी वाकळ करणार असाल तर दोन स्वेटर पुरे, जाड पट्ट्या आणि बटणं आधी काढा, आणि हातभर अंतरानं नव्हे, चार बोटांवर धावदोरा घाला, नाहीतर आतला माल एका कोपऱ्यात गोळा होतो.

शहापूरहून

वडगावच्या ताईंचं वाचून काल आईचा निळा स्वेटर उसवायला घेतला. तिनं माझ्यासाठी विणलेला, १० नंबरच्या सुयांवर, मी नववीत असताना. ती जाऊन सहा वर्षं झाली. गळा आणि खांदे भराभरा सुटले. छातीपाशी आल्यावर आतल्या बाजूला एक गाठ लागली, आणि त्याखालचा निळा जरा वेगळा. बाहेरून इतक्या वर्षांत कधी दिसला नव्हता. मग आठवलं, लोकर कमी पडली होती, त्याच रंगाचा गुंडा गणपत गल्लीत मिळेना, आणि ती दोन दिवस दुकानं पालथी घालत होती. मी मात्र तेव्हा स्वेटर वेळेवर झाला नाही म्हणून तोंड फुगवून बसले होते.

गाठीपाशीच थांबलेय. वरचा धागा लडीत आहे, खालचा अर्धा स्वेटर टेबलावर. आता काय करावं?

टिळकवाडी (ही चर्चा सुरू करणारी)

शहापूरच्या ताई, उघड्या टाक्यांतून आधी एक जाड दोरा ओवून ठेवा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा सुटत जातील. खालच्या अर्ध्याची वरची कड बंद करून तळ शिवलात की पिशवी होते, गाठ आतल्या बाजूला राहते. पिशवीच्या बंदांना पुरेल एवढा धागा लडीत आहे ना, तेवढं कळवा.