ऑफिससाठी कॉपियर: ‘मोठंच घ्या, विकतच घ्या’ हा सल्ला मला मान्य नाही

दांडियाबाजारची_पेढी:
परवा इथे एकांनी लिहिलं, “ऑफिस पाच माणसांचं असो की पन्नास, मिनिटाला ४५ पानं काढणारं ए-थ्री कलर मशीनच घ्या आणि विकतच घ्या. भाडं म्हणजे पैसे पाण्यात.” खाली अंगठ्यांची रांग लागली. मी गप्प बसणार होतो, पण त्यातल्या दोघांनी मला फोन करून “घेऊन टाकू का?” विचारलं, म्हणून सविस्तर लिहितो.

बडोद्यात माझं टॅक्सचं ऑफिस आहे, बावीस वर्षं झाली. एवढ्यात तीन मशीनं झाली. पहिलं मी वेग बघून घेतलं आणि पस्तावलो. आमच्याकडे काम कसं येतं? आधार-पॅनची एक प्रत, मग भाडेकराराची आठ पानं, मग अर्धा तास काही नाही. यात मिनिटाला २० पानं की ४५, हे कोणाला कळतसुद्धा नाही. झोपलेलं मशीन जागं होऊन पहिलं पान किती सेकंदांत देतं, ते मात्र दर वेळी कळतं, कारण माणूस समोर उभा असतो. माहितीपत्रकात तोही आकडा असतो. तो विचारा.

दुसरं, ‘महिन्याला ५०,००० पानं’ असं मोठ्या अक्षरात छापतात ती ड्यूटी सायकल, म्हणजे मशीनच्या दमाची शेवटची हद्द. रोज तेवढं ओझं घालायचं नसतं. महिन्याला किती पानं काढावीत याचा शिफारशीचा आकडा वेगळा असतो आणि तो पुष्कळ खाली असतो. आधी आपली पानं मोजा. रिमा मोजल्या की झालं: माझ्याकडे महिन्याला आठ रिमा लागतात, म्हणजे ४,००० कागद. पाठपोट काढत असाल तर मशीनचा पानं मोजणारा मीटर दुप्पट पळतो, हेही धरा.

तिसरं टोनर. ‘१०,००० पानं’ लिहिलेलं कार्ट्रिज तेवढं चालतं ते पानाचा साधारण ५ टक्के भागच काळा होतो असं धरून. चौकटींनी भरलेला ताळेबंद आणि फोटोसकट आधार कार्ड त्यात बसत नाही. माझं कार्ट्रिज साडेसहा हजारांपुढे कधी गेलेलं नाही. तेव्हा कार्ट्रिजची किंमत आपल्या खऱ्या पानांनी भागा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बिघडलं की येणार कोण? माझं विकत घेतलेलं दुसरं मशीन फ्यूजरसाठी, म्हणजे टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या भागासाठी, अकरा दिवस बंद होतं, तेही जुलैच्या शेवटी, रिटर्नची ३१ तारीख तोंडावर असताना. पार्ट बडोद्यात नव्हता. मी अशीलांची कागदपत्रं पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांगेत उभा राहत होतो. लोकांचे पगार, कर्जं, सगळं त्या पिशवीत. त्यानंतर ठरवलं, मशीन भाडेवाल्यांचं, टोनर त्यांचा, दुरुस्ती त्यांची, आपण पानामागे पैसे द्यायचे. पाच-सात माणसांच्या ऑफिसला ए-फोर काळं-पांढरं मशीन भाड्याने घेणं हेच शहाणपण. यावर मी ठाम आहे.

मकरपुरा_वर्कशॉप:
तो ‘मोठंच घ्या’वाला मीच. काका, तुम्ही तुमच्या आठ रिमांचं गणित सगळ्या गावाला लावताय.

भाड्याचं माझ्याकडून ऐका. आमच्या करारात महिन्याला ५,००० कॉपींचं मिनिमम होतं. मे महिन्यात अर्धे कामगार गावी जातात. १,८०० कॉपी निघाल्या, बिल आलं ५,००० चं. आणि ऑगस्ट २०२४ विसरलात? विश्वामित्रीचं पाणी आमच्या अकोट्याच्या सेल्स ऑफिसात कमरेपर्यंत होतं. मशीन खालच्या मजल्यावर, खालच्या दोन्ही ट्रे गाळाने भरलेल्या. आठवड्याने भाडेवाल्याचा माणूस आला, मशीनकडे बघितलंही नाही, कराराचं चौथं पान काढून दाखवलं: पूर, आग, चोरी, नुकसान वापरणाऱ्याचं. मशीन त्यांचं आणि भरपाई माझी. त्या महिन्यात मी बुडालेला कच्चा माल उपसत होतो आणि वर ही नोटीस. तेव्हापासून भाडं हा शब्द काढला की माझं डोकं फिरतं.

ए-थ्रीचं म्हणाल, तर ड्रॉइंग ए-फोरवर उतरवलं की ७१ टक्क्यांवर येतं. टर्नर माझ्याकडे येऊन विचारतो, “शेठ, हे ०.०५ की ०.०८?” त्या एका आकड्यापायी चाळीस शाफ्ट भंगारात गेलेत. तुमच्या ताळेबंदाला ए-फोर पुरतं, म्हणून आम्ही शहाणपण सोडलं असं होत नाही.

अलकापुरी_क्लिनिक:
मध्येच एक. भाड्याचं मशीन परत देताना त्यातल्या हार्डडिस्कचं काय करता? मोठ्या मशीनांमध्ये ती बहुधा असते आणि स्कॅन केलेलं तिच्यात राहू शकतं. अमेरिकेत एका आरोग्य योजनेने भाड्याचे कॉपियर डिस्क न पुसता परत केले, रुग्णांची माहिती बाहेर गेली आणि २०१३ मध्ये १२ लाख डॉलरहून जास्त दंड भरावा लागला. आपल्याकडेही २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. डिस्क पुसून द्यायचं किंवा आपल्याकडे ठेवायचं कलम करारात आधीच लिहून घ्या. पेढीकाका, पिशवीची काळजी केलीत, तशी हीही करा.

रावपुऱ्याची_वकील:
भाडं की विकत, यावर तुम्ही भांडा. मला वेगळंच बोलायचं आहे, कारण या दुखण्याबद्दल कोणी बोलतच नाही: वरचा ऑटो फीडर, म्हणजे गठ्ठ्यातला एकेक कागद आपोआप आत ओढणारा भाग.

पेढीकाका जे छोटं ए-फोर मशीन सांगताहेत, त्याची काच ए-फोरची असते, २९७ मिलिमीटर. लीगल मापाचा लांब कागद ३५६. काचेवर ठेवला की खालचे सहा सेंटिमीटर बाहेर राहतात, आणि नेमक्या तिथेच सह्या आणि शिक्के असतात. विकणारा सांगतो, “मॅडम, लीगल चालतो, फीडरमधून टाका.” सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर पाठपोट केलं, गुजरातेत १ ऑक्टोबर २०१९ पासून छापील स्टॅम्पपेपर बंद झाले, सगळं खरं. पण लोकांच्या घरातले जुने दस्त लीगलच आहेत. ते काय कापून आणायचे?

माझ्याकडे एक आजी आल्या होत्या. पांढऱ्या धोतराच्या तुकड्यात बांधलेली सनद, मोडीतली, गायकवाडी शिक्क्याची. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात गेलं, त्याच्याही कितीतरी आधीची. आमच्या ऑफिसातल्या मुलाने ती बाकीच्या कागदांबरोबर फीडरमध्ये ठेवली. कागद आत गेला तो पंख्यासारखा चुण्या पडून अडकला. झाकण उघडलं, ओढून काढला, तर शिक्क्याच्या बरोबर मधून दोन तुकडे. आजी काही बोलल्या नाहीत. ते दोन तुकडे त्यांनी परत त्याच कापडात गुंडाळले. मी त्या रात्री जेवले नाही. जुने कागद जिथे येतात त्या ऑफिसात फीडरवालं मशीन येऊच नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

जुना_सर्व्हिसवाला:
ताई, वाईट झालं. पण मी तीस वर्षं मशीनं उघडतोय, म्हणून सांगतो, हा फीडरचा दोष नाही. फीडरमध्ये रबरी रोलर कागद ओढतो आणि खालचं पॅड दुसरा कागद मागे धरून ठेवतं. घडीवर मऊ झालेला कागद त्या ओढाताणीत टिकणारच नाही. तो तिथे ठेवायचाच नसतो. मुलाची चूक आहे, मशीनवर कशाला ढकलता? साठ पानी आरोपपत्राच्या पाच प्रती काचेवर एकेक पान ठेवून काढा, मग सांगा फीडर नको म्हणून.

आणि पावसाळ्यात जॅम झाला की लोक मशीनला शिव्या देतात. रिम फोडून उघडी ठेवता, कागद ओल धरतो, फ्यूजरच्या उष्णतेने ती ओल वाफ होऊन निघते, कागद वळतो आणि अडकतो. उरलेली रिम प्लास्टिकात गुंडाळून ठेवा. मशीन छोट्या यूपीएसवर लावू नका, फ्यूजर तापताना एकदम करंट ओढतो. हे सांगून सांगून माझा घसा बसला.

रावपुऱ्याची_वकील:
“मुलाची चूक.” किती सहज लिहिलंत! तो मुलगा एकोणीस वर्षांचा. तुमच्यासारख्याच एका माणसाने मशीन बसवताना त्याला काय शिकवलं? “वर ठेव, हिरवं बटण दाब.” बस्स. कुठला कागद ठेवायचा नाही, हे एका शब्दाने सांगितलं नाही. सहा महिने तो मुलगा माझ्याशी नजर मिळवत नव्हता. तीस वर्षांत किती ऑफिसांत तुम्ही हे स्वतःहून सांगितलंत?

वाड्यातले_कागद:
आमच्या वाड्यात ट्रंकभर मोडी आहे, म्हणून राहवत नाही. दोघांनाही सांगतो, असा कागद फीडरमध्ये नाही आणि काचेवर दाबूनही नाही. झाकणाने घड्या तुटतात. खिडकीजवळ, थेट ऊन नसेल तिथे सपाट पसरा आणि फोनने वरून सरळ फोटो घ्या. मागची शाई पुढे दिसत असेल तर खाली काळा कागद ठेवा, बराच फरक पडतो. कॉपीच हवी असेल तर त्या फोटोची प्रिंट काढा. आणि मशीन ‘टेक्स्ट’ मोडवर ठेवून काढू नका, फिकट शाई आणि शिक्का उडून जातो. ‘फोटो’ किंवा ग्रेस्केल ठेवा.

आता पेढीकाकांसाठी, कारण आकडे तुमचा धंदा आहे. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही वर्कसेंटर मशीनं स्कॅन करताना आकडेच बदलत होती. घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती, स्कॅनमध्ये तिन्हींवर १४.१३ आलं. फाइल लहान करायला मशीन सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा चिकटवत होतं. अक्षर स्वच्छ, आकडा चुकीचा, त्यामुळे बघणाऱ्याला संशयही येत नाही. कंपनीने नंतर दुरुस्तीचं सॉफ्टवेअर दिलं. पण मशीन घेताना आपल्याच बारीक आकड्यांचं एक पान स्कॅन करून ओळीने ताडून बघावं, असं मला तेव्हापासून वाटतं. वेगाच्या चाचणीपेक्षा ही चाचणी मोठी.

मकरपुरा_वर्कशॉप:
हे मला माहीत नव्हतं. माझे चाळीस शाफ्ट मात्र बारीक अक्षरामुळेच गेले, तेवढं मी सोडणार नाही. बाकी मोडीचं पुरे करा, लोक इथे मशीन विचारायला आलेत.

रावपुऱ्याची_वकील:
भाऊ, मशीनचंच चाललंय. ए-फोरच्या काचेवर लीगल मावत नाही म्हणूनच तो कागद फीडरमध्ये गेला. मोठी काच असती तर सनद वाचली असती.

दांडियाबाजारची_पेढी:
ताई, हे मी धरलंच नव्हतं. माझ्याकडे जुने दस्त येत नाहीत, म्हणून लक्षात आलं नाही. वकिलाला आणि वर्कशॉपला ए-थ्रीची काच हवी, हे मान्य. कलर आणि ४५ पानं मात्र अजूनही मान्य नाहीत.

मकरपुऱ्याच्या भाऊंनी लिहिलं म्हणून काल रात्री माझा करार काढून वाचला. पुराचं कलम आहे. सहाव्या पानावर, माझ्या सहीच्या वरतीच. मिनिमम ३,००० आहे, ते मी भरून काढतो म्हणून कधी टोचलं नाही. भाडं बरोबर यावर मी अजून ठाम आहे, पण यापुढे कोणाला सांगताना ही दोन कलमं आधी वाचायला सांगेन. आज मशीन टेबलावर उचलून ठेवलं आणि विम्यात घालायला एजंटला सांगितलं. डिस्कचंही लिहून मागितलंय, उत्तर आलेलं नाही.

जुना_सर्व्हिसवाला:
ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. फार थोड्या ऑफिसांत सांगितलं. कोणी विचारलं तरच. आता फीडरवर चिठ्ठी चिकटवत जाईन: फाटका, घडीचा, पिनांचा कागद इथे नाही. तरी साठ पानांच्या पाच प्रतींना फीडर लागतोच, हे मी मागे घेत नाही.

रावपुऱ्याची_वकील:
चिठ्ठी गुजराती आणि मराठी, दोन्हींत लावा. वाड्यातले_कागद, त्या आजी अजून शियापुऱ्यातच राहतात. तुकडे तसेच कापडात आहेत. रविवारी घेऊन आले तर फोटो काढून द्याल का?

वाड्यातले_कागद:
या. सकाळी दहापर्यंत, ओसरीत उजेड चांगला असतो. चिकटपट्टी लावू नका म्हणावं त्यांना.