लेक्चर रेकॉर्ड करावं की लाईव्ह दाखवावं? कॉलेजात स्टुडिओचं कोटेशन आलंय, सल्ला हवाय

सातपुडा_फिजिक्स

नमस्कार मंडळी. मी नंदुरबार जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका अनुदानित कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमची बरीच मुलं धडगाव, मोलगीकडच्या पाड्यांवरची, काही होस्टेलला राहतात, बाकीची एसटीने ये-जा करतात आणि पावसाळ्यात रस्ता बंद झाला किंवा घरी पेरणी-कापणी निघाली की आठ आठ दिवस दिसत नाहीत. टी.वाय.ला क्वांटम मेकॅनिक्स आहे, तिथे श्रोडिंगर समीकरणाचे दोन तास चुकले की पुढचा पूर्ण युनिट डोक्यावरून जातो, मग मुलगा वर्गात बसतो पण प्रश्न विचारायचा बंद होतो. ते मला बघवत नाही.

नेटवर चांगले लेक्चर भरपूर आहेत, एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे आहेत, 'स्वयम्' या सरकारी पोर्टलवर आहेत, मी स्वतः तयारी करताना बघते. पण आमची मुलं घरी पावरी नाहीतर अहिराणी बोलतात, मराठी शाळेत शिकलेली असतात आणि इंग्रजी पुस्तकाशी कॉलेजात आल्यावर झटत असतात, त्यांना पन्नास मिनिटं सलग इंग्रजी ऐकून काही लागत नाही. त्यांना माझंच मराठी-इंग्रजी मिसळलेलं बोलणं पुन्हा ऐकायचं असतं, तसं ती येऊन सांगतात.

आता प्राचार्य म्हणतायत की आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता समितीच्या) मीटिंगला प्रस्ताव ठेवा. एका विक्रेत्याने कोटेशन दिलंय, तीन कॅमेरे, मोठा टच पॅनल, हिरवा पडदा, लाईव्ह स्ट्रीमिंगचा पूर्ण सेटअप, रक्कम काही लाखांत आहे. माझे प्रश्न असे की लाईव्ह करावं की रेकॉर्ड करून द्यावं, एवढं सामान खरंच लागतं का, आणि फळ्यावरची डेरिव्हेशन मोबाईलवर नीट दिसावी यासाठी काय करावं? कोणी ग्रामीण भागात हे केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

ओहममीटर

मॅडम, आधी डेटाचा हिशोब करू, म्हणजे अर्धे प्रश्न तिथेच सुटतील. पन्नास मिनिटं म्हणजे ३००० सेकंद. व्हिडिओ १५०० केबीपीएसने (सेकंदाला १५०० किलोबिट) पाठवला तर साधारण ५६० एमबी होतात. ५०० केबीपीएसला १९० च्या आसपास, २०० ला ७५, आणि नुसता आवाज ३२ केबीपीएसने दिला तर फक्त १२ एमबी. मुलांकडे रोजचा एक-दीड जीबीचा पॅक असतो आणि तोही घरात भावंडांत वाटला जातो, त्यामुळे दिवसाचे चार तास चांगल्या क्वालिटीत लाईव्ह बघा असं सांगणं शक्यच नाही. शिवाय लाईव्हला तुमच्या कॉलेजचा अपलोड स्पीड सलग टिकायला लागतो, मध्ये लाईट गेली, इन्व्हर्टरवर राऊटर नसला की खेळ खलास.

दुसरं म्हणजे यूट्यूब लाईव्हमध्ये व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून पुढे पाठवला जातो आणि बघणाऱ्याचा फोन ते तुकडे आधी साठवून मग दाखवतो, त्यामुळे मुलं तुमच्यापेक्षा दहा-वीस सेकंद मागे असतात. तुम्ही विचारलं "कळलं का" आणि उत्तर येईपर्यंत तुम्ही तीन ओळी पुढे गेलेल्या असता. मीट किंवा झूममध्ये हा उशीर जवळपास नसतो पण तिथे नेटवर्क खराब झालं की आधी चित्र धूसर होतं मग आवाज तुटतो, आणि डेरिव्हेशनमध्ये एक वाक्य तुटलं तर पुढच्या पायरीला अर्थ राहत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, रेकॉर्ड करा. लाईव्ह फक्त शंकांसाठी, आठवड्यातून एकदा, ते पण कॅमेरे बंद ठेवून.

आता सामान. तीन कॅमेरे अजिबात नकोत. एक बरा मोबाईल, एक जड ट्रायपॉड, एक कॉलर माईक. पैसे घालायचेच तर आधी माईकवर घाला, चित्र थोडं मळकट असलं तरी मुलं बघतात पण आवाज घुमला तर दोन मिनिटांत बंद करतात. वर्गाच्या मागच्या बाकावर मोबाईल ठेवून रेकॉर्डिंग करू नका, भिंतींवरून आवाज परत येतो आणि पंख्याची घरघर तुमच्यापेक्षा मोठी ऐकू येते.

फळ्यासाठी सांगतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यात फळ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्सपोजर लॉक होतं, नाहीतर तुम्ही फळ्यासमोरून गेलात की प्रत्येक वेळी चित्र उजळतं-काळवंडतं. ट्यूबलाईटचे काळे पट्टे सरकताना दिसले तर सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ करा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो आणि कॅमेऱ्याचा वेग त्याच्याशी जुळला नाही की पट्टे येतात. फ्रेममध्ये अख्खा फळा घेऊ नका. फळ्याचे उभे तीन भाग पाडा, एका वेळी एकच भाग फ्रेममध्ये घ्या, तो भरला की थांबा, ट्रायपॉड फिरवा. सहा इंची स्क्रीनवर अख्ख्या फळ्यातलं एच-बार (ħ) आणि साधं एच (h) वेगळं ओळखू येत नाही.

याहून सोपं म्हणजे फळा सोडून कागद. मोबाईल स्टँडला खाली तोंड करून लावा, जाड पेनने कोऱ्या कागदावर लिहीत बोला. चित्रात हालचाल कमी असली की फाईलही लहान होते, कारण कॉम्प्रेशनमध्ये मुख्यतः बदललेला भागच साठवावा लागतो. स्लाईड दाखवणार असाल तर लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ हे स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. त्यात रेकॉर्डिंग एमकेव्ही फॉरमॅटमध्ये ठेवा, मध्येच लाईट जाऊन लॅपटॉप बंद पडला तरी तिथपर्यंतची फाईल वाचते, साध्या एमपी४ मध्ये अख्खी फाईल हातची जाते. नंतर ओबीएसमधूनच एमपी४ करता येते.

जुना खडू

मी निवृत्त प्राध्यापक आहे, या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही कारण हे सगळं आपल्या देशात पूर्वी घडून गेलंय आणि प्रत्येक वेळी यंत्र आधी आलं, शिकवणाऱ्याचा विचार नंतर झाला.

१९७५-७६ मध्ये साईट नावाचा प्रयोग झाला, नासाचा उपग्रह वर्षभरासाठी घेऊन इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्हीवरून कार्यक्रम दाखवले. तो गावकऱ्यांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी होता, पण त्यातूनच धीर आला. मग १५ ऑगस्ट १९८४ पासून यूजीसीने दूरदर्शनवर कंट्रीवाईड क्लासरूम सुरू केलं. विद्यापीठांच्या माध्यम केंद्रांत कार्यक्रम बनायचे, पुणे विद्यापीठातलं ईएमआरसी त्यातलंच. कार्यक्रम उत्तम होते हो, मेहनतीने बनवलेले. पण ते लागायचे भर दिवसा, मुलं तेव्हा वर्गात, भाषा इंग्रजी, आणि शंका विचारायची सोय नाही. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाला त्या कार्यक्रमाचा आणि आपल्या अभ्यासक्रमाचा संबंध कोणी जोडून दाखवला नाही.

पुढे २० सप्टेंबर २००४ ला एज्युसॅट सोडला, फक्त शिक्षणासाठीचा उपग्रह, केवढा अभिमान वाटला होता आम्हाला. सहा वर्षांनी, २०१० मध्ये तो बंद झाला. कॅगने २०१३ च्या अहवालात त्याच्या वापरावर बोट ठेवलं, जमिनीवरचं जाळं, कार्यक्रम तयार करणं, व्यवस्थापन, सगळीकडे कमी पडलो असं निघालं. उपग्रहाने त्याचं काम केलं होतं, खालची तयारी नव्हती.

मला सगळ्यात पटलेला प्रयोग आयआयटी मुंबईचा, प्रा. दीपक फाटक यांनी चालवलेला, दहा हजार शिक्षकांना शिकवण्याचा. मुख्य व्याख्यान मुंबईहून थेट, देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या केंद्रांवर शिक्षक बसलेले, आणि प्रत्येक केंद्रावर आधी तयार केलेला एक समन्वयक हजर. प्रॅक्टिकल त्या केंद्रावरच व्हायचं. म्हणजे पडद्यावर मोठा तज्ज्ञ आणि बाकाशेजारी माहितीतला माणूस, दोन्ही एकत्र. मॅडम, तुमच्या कॉलेजात बाकाशेजारचा माणूस तुम्हीच आहात, तेव्हा आयआयटीच्या लेक्चरमधला दहा मिनिटांचा भाग वर्गात लावा, थांबवा, मराठीत बोला, पुन्हा लावा. सगळं स्वतः रेकॉर्ड करायचा भार घेऊ नका.

आणि स्वयंप्रभा विसरू नका. सरकारने २०१७ ला शिक्षणाचे ३२ डीटीएच चॅनल सुरू केले, रोज किमान चार तास नवीन कार्यक्रम आणि तो दिवसभरात आणखी पाच वेळा फिरून लागतो, मासिक पैसे लागत नाहीत. ज्या पाड्यावर मोबाईलला रेंज नाही पण छतावर फ्री डिशची छत्री आहे तिथे हे चालतं. वेळापत्रक छापून होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावा.

पायरी

खडू सरांना अनुमोदन, विशेषतः थांबवून बोलण्याबद्दल. मी स्टॅटिस्टिक्स शिकवतो, लांबीबद्दल सांगतो. २०१४ मध्ये फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाईन शिक्षणाच्या साईटवरच्या कोर्समधले व्हिडिओ बघण्याचे ६९ लाख प्रसंग तपासले होते. व्हिडिओ कितीही लांब असो, मुलं टिकण्याचा मध्यक सहा मिनिटांच्या वर जात नव्हता. आणि हाताने लिहीत लिहीत समजावलेला व्हिडिओ नुसत्या स्लाईडपेक्षा जास्त बघितला गेला. आता ती मुलं जगभरातून स्वतःहून नाव नोंदवलेली, आपली परीक्षेच्या धाकाने बघणारी, त्यामुळे आकडा जसाच्या तसा घेऊ नका, पण पन्नास मिनिटांची एक फाईल देण्यापेक्षा सहा-सात तुकडे द्यावे हे माझ्या वर्गातही दिसतं. तुकड्याला नाव स्पष्ट द्या, "युनिट २ भाग ३" असं लिहू नका, "बॉक्समधला कण: सीमा अटी कुठून येतात" असं लिहा, मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री तेवढंच शोधतो.

प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक प्रश्न द्या आणि उत्तर व्हिडिओत देऊ नका. ते वर्गात विचारा. कॉलेजात मूडल (ऑनलाईन अभ्यासक्रम चालवायचं सॉफ्टवेअर) असेल तर एच५पी हे त्यातलं साधन वापरून व्हिडिओच्या मध्येच प्रश्न घालता येतो, उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नाही असं करता येतं. मूडलचं मोबाईल ॲप आहे, कॉलेजच्या वायफायवर डाऊनलोड करून घरी नेट नसताना बघता येतं, तुमच्या मुलांना हेच सगळ्यात उपयोगी पडेल. सर्व्हर वगैरे जमत नसेल तर लायब्ररीतल्या एका पीसीवर विषयवार फोल्डर करून ठेवा, मुलं पेन ड्राईव्ह आणि केबल घेऊन येतात, शनिवारी भरून नेतात. यात नेटचा एक रुपया लागत नाही.

स्पोकन ट्युटोरियल पण बघून ठेवा, आयआयटी मुंबईचंच आहे, दहाएक मिनिटांचे पाठ आणि मराठीत आवाज दिलेले. विषय सॉफ्टवेअरचे आहेत, पायथन, सायलॅब असं, पण टी.वाय.च्या कॉम्प्युटेशनल प्रॅक्टिकलला थेट लावता येतील.

तासिकावाली

मी सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) आहे म्हणून वेगळी बाजू लिहिते, कोणी राग मानू नका. तासिका तत्त्वावरच्या माणसाला वर्गात उभं राहिलेल्या तासाचे पैसे मिळतात. मागे एका कॉलेजात मला सगळा युनिट रेकॉर्ड करून द्यायला सांगितलं, त्यासाठी रात्री बसून तयारी केली, ते तास कुठल्याच बिलात आले नाहीत, आणि पुढच्या वर्षी माझी नेमणूक नव्हती पण व्हिडिओ वर्गात लागत होते. विद्यार्थ्यांनीच फोन करून सांगितलं. मुलांना फायदा झाला याचा आनंद आहेच, पण ज्याच्या आवाजावर वर्ग चालतो त्याला एक ओळीचं पत्रही नाही हे बरोबर वाटत नाही.

म्हणून मॅडम, प्रस्तावात हे लिहाच. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे नोकरीच्या करारात केलेलं काम, वेगळं ठरलेलं नसेल तर, नोकरी देणाऱ्याचं धरलं जातं. आमच्यासारख्यांना ते कितपत लागू होतं यावर वाद घालता येईल पण वाद घालायला आमच्याकडे ना वेळ ना पैसा, तेव्हा आधीच लेखी ठरलेलं बरं. रेकॉर्डिंगचा तास वर्कलोडमध्ये धरायचा, व्हिडिओवर शिकवणाऱ्याचं नाव ठेवायचं, तो कुठे आणि किती वर्षं वापरायचा ते लिहायचं, आणि माणूस सोडून गेला तर त्याला विचारल्याशिवाय लावायचा नाही. एका पानात मावतं हे.

अजून एक, वर्ग चालू असताना रेकॉर्डिंग केलंत तर मुलींचे चेहरे आणि आवाज येऊ देऊ नका. गावात एखादी क्लिप फिरली तर मुलीचं कॉलेज बंद होतं. कॅमेरा फळ्याकडेच ठेवा, शंकांचा भाग कापून टाका, आणि यूट्यूबवर ठेवायचंच तर अनलिस्टेड ठेवा, पण अनलिस्टेड म्हणजे लिंक असणारा कोणीही बघू शकतो हेही लक्षात घ्या.

सातपुडा_फिजिक्स

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून प्राचार्यांना दाखवणार आहे. तासिकावाली ताई, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता आणि आमच्या विभागात दोघं सीएचबीवर आहेत, ते एक पान मी प्रस्तावाला जोडतेय आणि त्या दोघांनाच ते लिहायला सांगणार आहे.

बाकी असं ठरवतेय की स्टुडिओ नको, त्या पैशात होस्टेल आणि लायब्ररीला एक-एक पीसी, राऊटरला इन्व्हर्टर आणि विभागवार माईक-ट्रायपॉड. क्वांटमचे पहिले दोन युनिट कागदावर लिहून तुकड्यांत रेकॉर्ड करते. एकच विचारायचं राहिलं, कॉलर माईक बाजारात शंभर प्रकारचे दिसतात, घेताना काय बघू?

ओहममीटर

पिन बघा मॅडम. ३.५ मिमीच्या पिनवर तीन काळ्या रिंगा असतील तर ती मोबाईलला चालते, दोन असतील तर ती कॅमेऱ्यासाठीची, मोबाईल ती माईक म्हणून ओळखतच नाही आणि गुपचूप स्वतःच्याच माईकवर रेकॉर्ड करत बसतो. नवीन फोनला गोल भोक नसेल तर सरळ टाईप-सी वाला घ्या. वायर लांब घ्या, फळ्यापर्यंत जाऊन यायला हवं. वायरलेस असेल तर वर्गाच्या आधी चार्जिंग कोण बघणार हे ठरवून ठेवा, आणि रेकॉर्डिंग सुरू केल्यावर माईकवर नखाने हलकं टकटक करून अर्धा मिनिट ऐकून बघा, मगच पूर्ण तुकडा घ्या. माईक गळ्यापासून वीतभर खाली, साडीच्या पदराला किंवा ओढणीला घासणार नाही असा लावा, त्या घासण्याचा आवाज नंतर काढता येत नाही.