एक्स-रे मशीन वाचणार, मग आपण पाच वर्षं काय घासतोय?

कवळी_नको: "कॅरीज (कीड) एआय शोधतं, इम्प्लांट (हाडात रोवायचा कृत्रिम दात) रोबो बसवतो, डेंटिस्ट उरला सही करण्यापुरता." कालची ही पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. लिहिणाऱ्याने शेवटचा बाइटविंग, म्हणजे दाढांचा एक्स-रे, कधी पाहिला होता? दाताच्या मानेपाशी काळसर पट्टा दिसतो, तो सर्व्हायकल बर्नआउट. तिथे कीड नसते, किरण जरा जास्त आरपार गेलेले असतात इतकंच. रेडिओलॉजीच्या पहिल्याच पोस्टिंगला मी त्यावर ठणठणीत अक्षरात 'कॅरीज' लिहून दिलं होतं. मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत, एक्सप्लोरर, म्हणजे दात तपासायचं टोकदार हत्यार, हातात ठेवला. टोक फिरवून पाहिलं तर गुळगुळीत! उद्या सॉफ्टवेअरने तिथे लाल चौकट काढली तर टोक कोण फिरवणार?

बाइटविंग_बहाद्दर: पोस्ट माझीच. एक्सप्लोररने कीड शोधणं केव्हाच मागे पडलंय, कोवळ्या किडीला उलट इजाच होते, हे मॅडमना कळवा. आणि सगळ्यांना अशा मॅडम मिळतात का? आमच्याकडे ट्यूटर खुर्चीपाशी येईपर्यंत पेशंटचा जबडा अवघडतो. मशीन निदान तोंडावर हसत तरी नाही. रोबोचं म्हणाल तर २०१७ मध्ये चीनमधल्या शिआनला रोबोने एका बाईला दोन इम्प्लांट बसवले, डॉक्टर नुसते बाजूला उभे. चूक ०.२-०.३ मिलिमीटरच्या आत. तुमचा हात बसतो का त्यात?

कवळी_नको: टोचला नव्हता, फिरवला होता. नीट वाचा. आणि त्या दोन इम्प्लांटचं प्लॅनिंग कोणी केलं? माणसांनीच. अमेरिकेत २०१६ च्या अखेरीस मान्यता मिळालेला यॉमी हा इम्प्लांट रोबोसुद्धा हाताला दिशा देतो, ड्रिल डॉक्टरच धरतो.

फायनल_इयर: मला एआयची भीती वाटत नाही, नेमून दिलेल्या केसेसच्या कोट्याची वाटते. एवढी एक्स्ट्रॅक्शन (दात काढणं), एवढे आरसीटी (रूट कॅनल), आणि पेशंट आपला आपण आणायचा! मावशीची दाढ आरसीटीने वाचली असती. पण माझी एक्स्ट्रॅक्शन कमी पडत होती. पुढचं विचारू नका.

जुनी_खुर्ची: विचारणारच. वाचणारी दाढ काढलीस? कोट्यासाठी?

फायनल_इयर: सरांनी केसपेपरवर सही केली होती. मी एकटा गुन्हेगार नाही.

बाइटविंग_बहाद्दर: बघा! इथे एआय असतं तर म्हणालं असतं, दाढ वाचवा.

कवळी_नको: आणि याने ते ऐकलं असतं? कोट्याच्या जर्नलवर सही एआय करत नाही.

इंटर्न_उपाशी: कोट्यावर वेगळा धागा काढा, मी रात्रभर लिहीन. डेन्चरचा (कवळीचा) पेशंट तिसऱ्या ट्रायलला गायब झाला. दातांचा मेणातला सेटअप अजून माझ्या कपाटात आहे, समोरचा एक दात वाकडा. रोज कपाट उघडलं की तो माझ्याकडे बघून हसतो.

जुनी_खुर्ची: मुद्द्यावर या. एआय संशोधक जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता बंद करा. रेडिओलॉजिस्ट आजही कामात बुडालेत. त्यामुळे बहाद्दरांची भविष्यवाणी मी मिठाच्या गुळण्यांसोबत घेतो. पण कवळीताई, तुम्हीही निर्धास्त राहू नका. पोलंडमध्ये कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना एआयची सवय लागल्यावर एआयविना केलेल्या तपासण्यांत अॅडेनोमा (आतड्यातल्या गाठी) सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आलं. ते प्रत्येकी दोन हजारांवर तपासण्या केलेले लोक होते. ज्या पोराची नजर अजून तयारच व्हायचीय, त्याचं काय? आधी स्वतःचं निदान कागदावर लिहा, मग एआयची चौकट उघडा. आमच्या क्लिनिकमध्ये नवीन मुलांना मी हेच करायला लावतो आणि ती वैतागतात.

बाइटविंग_बहाद्दर: म्हणजे अखेर मशीन हवंच की!

जुनी_खुर्ची: नको कोण म्हणालं? माझ्या नजरेतून सुटलेली प्रॉक्झिमल (दोन दातांमधली) कीड त्याने दोनदा पकडली. आणि एकदा फिलिंगच्या कडेलाच कीड म्हणालं. ते पेशंटला समजावता समजावता घसा बसला.

बाइटविंग_बहाद्दर: बरं, 'सही करणारा' हा शब्द मागे घेतो. सही आणि गुळण्या. खूश?

कवळी_नको: आभाळ कोसळलं, बहाद्दरांनी शब्द मागे घेतला.

फायनल_इयर: सगळे ऑनलाइन आहात तर विचारतो, उद्या सकाळी कोणाला स्केलिंग (दातांची सफाई) करून घ्यायचंय का? दोन कमी पडतायत. दाढ काढणार नाही, शप्पथ.