जिनिंगच्या काट्यासाठी एकसंध प्रोग्राम की स्वतंत्र सेवा? जगभरातील वादांतून नेमके काय घ्यावे?

प्रश्न: काटापट्टी (हिंगणघाट तालुका, जि. वर्धा)

आम्ही तिघे मिळून जिनिंग आणि शेतमाल खरेदी केंद्रांसाठी सॉफ्टवेअर तयार करतो. भरलेल्या गाडीचे वजन, कापसातील ओलावा आणि प्रत (दर्जा), रिकाम्या गाडीचे वजन, त्यावरून निघणारी काटापट्टी (वजनाची पावती) आणि शेवटी शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होणारा चुकारा, असा सगळा व्यवहार त्यात नोंदला जातो. सध्या हे काम एकाच प्रोग्राममध्ये, एकाच डेटाबेसवर आणि जिनिंगच्या कार्यालयातील संगणकावरच चालते. येत्या हंगामात मात्र एकाच खरेदीदाराची अनेक केंद्रे जोडायची आहेत, आणि तिथूनच आमच्यातील वाद सुरू झाला.

एका सहकाऱ्याच्या मते वजन, चुकारा आणि अहवाल यांच्या स्वतंत्र सेवा करून त्या क्लाउडवर ठेवाव्यात, म्हणजे एक बिघडली तरी बाकीच्या चालू राहतील. दुसऱ्याच्या मते तिघांच्या चमूने असा पसारा मांडणे हे संकट ओढवून घेण्यासारखे आहे. दोघेही बाहेरच्या वादांचे दाखले देतात. एक नेटफ्लिक्सच्या शेकडो लहान सेवांचे उदाहरण देतो, तर दुसरा २०२३ मध्ये ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने मायक्रोसर्व्हिसेस (अशा लहान स्वतंत्र सेवांची रचना) सोडल्याची बातमी पुढे करतो. दोघेही अभ्यासू आहेत आणि दोघांचाही हेतू चांगला आहे, तरीही आता बोलण्यात कटुता आली असून कामाची वाटणी अडून बसली आहे. दसऱ्यानंतर कापसाची आवक सुरू होईल. तेव्हा अशा जाहीर वादांना किती वजन द्यावे आणि आमच्या कामासाठी त्यांतून काय उचलावे, यावर जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर: जुना कर्नल (मूळ पुसद, सध्या नागपूर)

प्रथम प्राइम व्हिडिओची बातमी, कारण ती फार अर्धवट सांगितली जाते. संपूर्ण प्राइम व्हिडिओने मायक्रोसर्व्हिसेस सोडलेल्या नव्हत्या. थेट प्रक्षेपणातील चित्र आणि आवाजाचे दोष शोधणारे एक अंतर्गत साधन होते आणि ते लहान लहान स्वतंत्र घटकांमध्ये विभागलेले होते. त्या घटकांना क्रमाने चालवणाऱ्या यंत्रणेचा खर्च प्रत्येक टप्प्यागणिक पडत असे. प्रक्षेपणाच्या दर सेकंदाला असे अनेक टप्पे होत. शिवाय व्हिडिओतील चित्रे एका घटकाकडून दुसऱ्याकडे देण्यासाठी मध्ये साठवून ठेवावी लागत. हे सारे घटक एकाच प्रक्रियेत आणल्यावर ही देवाणघेवाण संगणकाच्या स्मृतीतच होऊ लागली आणि त्या साधनाचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला. यातून मिळणारा धडा मौल्यवान आहे, पण तो मर्यादित आहे: ज्या घटकांमध्ये प्रचंड माहिती सतत फिरते, त्यांना वेगळे करण्याची किंमत मोठी असते. आपल्या काट्यावरून दर गाडीमागे जाते ती माहिती काही शब्दांची आणि आकड्यांची. म्हणजे ही बातमी आपल्या दुसऱ्या सहकाऱ्याची बाजू सिद्धही करत नाही आणि खोडतही नाही.

आपल्याकडे एखाद्या वाणाचा उतारा विचारताना शेतकरी आधी जमीन कोणती, ओलित होते की कोरडवाहू, हे विचारतो. भारी काळ्या जमिनीतला उतारा बरडावर धरून कोणी पेरणी करत नाही. सॉफ्टवेअरच्या वादांत मात्र जमीन न विचारताच वाण उचलले जाते, आणि मला वाटते की आपल्या चमूतील कटुतेचे मूळ तिथेच आहे.

या प्रकाराचा सर्वांत बोलका जुना दाखला १९९२ सालचा आहे. मिनिक्स ही शिकवण्यासाठीची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी त्या वर्षीच्या जानेवारीत, लिनक्स ही तेव्हाची नवी ऑपरेटिंग सिस्टिम कालबाह्य आहे असे जाहीरपणे लिहिले. त्यांचे दोन मुख्य आक्षेप होते. पहिला असा की एकसंध कर्नल (सिस्टिमचा गाभा एकाच मोठ्या प्रोग्राममध्ये) ही मागे नेणारी रचना आहे आणि भविष्य मायक्रोकर्नलचे (गाभा लहान ठेवून बाकीची कामे वेगळ्या प्रोग्रामकडे देण्याचे) आहे. दुसरा असा की लिनक्स इंटेलच्या ३८६ प्रोसेसरला फारच बांधलेले आहे. लिनक्सचे जनक आणि तेव्हा हेलसिंकीत विद्यार्थी असलेल्या लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी त्यांना तितक्याच तिखटपणे उत्तर दिले. आज मागे पाहिले तर लिनक्स एकसंधच राहिले आणि जगभर पसरले, परंतु दुसऱ्या आक्षेपातील तथ्य काळाने मान्य केले, कारण लिनक्स पुढे ३८६ चे बंधन सोडून अनेक प्रकारच्या प्रोसेसरवर नेले गेले. मायक्रोकर्नलही नाहीसा झाला नाही. गाड्यांमधील यंत्रणांमध्ये क्यूएनएक्स ही मायक्रोकर्नल प्रणाली वापरली जाते, आणि इंटेलच्या चिपमधील व्यवस्थापन यंत्रणेत मायक्रोकर्नलवरच उभे असलेले मिनिक्स बसवलेले आहे, हे २०१७ मध्ये उघड झाले. दोन्ही बाजूंनी रचनेबद्दल बोलताना आपापली गरज गृहीत धरली होती. एकाला सिद्धांताच्या कसोटीवर उतरणारी आणि शिकवता येणारी प्रणाली हवी होती, तर दुसऱ्याला हाताशी असलेल्या यंत्रावर आजच चालणारी.

म्हणून कोणताही दाखला पुढे आला की आपण तिघांनी त्याच्यासोबत तीन गोष्टी मागाव्यात: त्यांच्याकडे माणसे किती होती, माहितीचा ओघ केवढा होता आणि बिघाड झाल्यास नुकसान कोणाचे होणार होते. यांची उत्तरे मिळत नसतील तर तो दाखला निर्णयातून बाजूला ठेवावा.

उत्तर: आवक-जावक (अकोट, जि. अकोला)

वरील विवेचन अभ्यासपूर्ण आहे, परंतु माझे मत थोडे वेगळे आहे. दाखल्यांची जमीन तपासत बसलो तरी वाद दाखल्यांभोवतीच फिरत राहील. निर्णय काट्यावर उभे राहून घ्यायला हवा, आणि तिथला पहिला प्रश्न असा आहे की भरलेल्या गाडीचे वजन झाले, गाडी खाली करायला आत गेली, आणि तेवढ्यात लाइन गेली, तर काय होईल? ज्या रचनेत त्या गाडीचे भरलेले वजन पुन्हा हाती येत नाही ती रचना कितीही आधुनिक असली तरी बाद, कारण खाली झालेला कापूस आता इतरांच्या ढिगात मिसळलेला असतो आणि तो पुन्हा तोलता येत नाही. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीचा एकमेव पुरावा त्या क्षणी आपल्या डेटाबेसमधील एक ओळ असते. दुसरा प्रश्न तितकाच साधा आहे. इंटरनेट बंद असताना फाटकाबाहेर ट्रॅक्टर, मेटॅडोर आणि बंड्यांची रांग लागली, तर काटापट्टी निघेल की नाही?

या दोन प्रश्नांपुढे वजनाचे काम क्लाउडवर ठेवण्याचा पर्याय माझ्या दृष्टीने संपतो. काटा, ओलावा आणि काटापट्टी हे तिन्ही केंद्रातील संगणकावर, एकाच प्रोग्राममध्ये आणि डेटाबेसच्या एकाच व्यवहारात (म्हणजे नोंदले तर सगळे, नाहीतर काहीच नाही) राहिले पाहिजे. त्यासाठी एसक्यूलाइट पुरेसे आहे. २००० साली सुरू झालेला हा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो, त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, आणि अर्धवट राहिलेला व्यवहार वीज परतल्यावर मागे घेण्याची सोय त्यात मुळातच आहे. मात्र येथे एक बारकावा आहे. वॉल पद्धत (बदल आधी वेगळ्या नोंदफाइलमध्ये लिहिण्याची) वापरताना ‘सिंक्रोनस’ ही मांडणी ‘नॉर्मल’वर ठेवली तर डेटाबेस बिघडत नाही, परंतु वीज गेल्यास अगदी शेवटच्या काही नोंदी नाहीशा होऊ शकतात. ती ‘फुल’वर ठेवली तर प्रत्येक नोंद डिस्कवर उतरल्याखेरीज पूर्ण मानली जात नाही. वेग थोडा कमी होतो, पण काट्यावर दोन गाड्यांमध्ये जेवढा वेळ जातो त्यापुढे तो जाणवणारही नाही. काही स्वस्त डिस्क माहिती उतरल्याचे खोटेच कळवतात, म्हणून यूपीएस असला तरी प्रत्यक्ष वीज तोडून चाचणी घेणे आवश्यक आहे. आणखी एक खबरदारी अशी की वॉल पद्धतीची फाइल नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवून दोन संगणकांवरून उघडू नये. ती पद्धत त्यासाठी बनलेलीच नाही.

आपल्या पहिल्या सहकाऱ्याचा मुद्दा पुढच्या टप्प्यावर खरा ठरतो. अनेक केंद्रांचा एकत्रित हिशेब, चुकाऱ्याची यादी बँकेकडे पाठवणे आणि खरेदीदाराचे अहवाल यांची जागा केंद्रातील संगणकावर नाही. ते काम मध्यवर्ती सर्व्हरवर वेगळेच असावे. केंद्राने काटापट्टी आधी स्वतःजवळ पक्की करावी, पाठवण्याच्या रांगेत लावावी आणि जोडणी मिळेल तेव्हा पाठवावी. जोडणी मध्येच तुटली की तीच काटापट्टी दोनदा पोहोचते, म्हणून क्रमांकात केंद्राचा संकेत असावा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने पोच द्यावी पण रक्कम पुन्हा धरू नये. चुकारा दोनदा गेला तर वसुलीसाठी गावात फिरण्याची वेळ शेवटी दिवाणजींवर येते.

नियमांचे कोष्टकही प्रोग्रामच्या आत कोरून ठेवू नये. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की दर उतरतो आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतला जात नाही, तर खासगी खरेदीदाराचे गणित निराळे असते. हे कोष्टक लागू होण्याच्या तारखेसह माहिती म्हणून ठेवले तर दर बदलल्यावर जुनी काटापट्टी जुन्याच दराने वाचता येते.

उत्तर: कोरडवाहू (मेहकर तालुका, जि. बुलढाणा)

तांत्रिक उत्तर अकोटच्या भाऊंनी दिलेच आहे आणि ते मला पूर्णतः मान्य आहे. मी फक्त कटुतेविषयी लिहिते, कारण प्रश्नात ती गोष्ट आहे आणि वरील उत्तरांत तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

रचनेवरील वाद तापतात त्यामागे केवळ अर्धवट माहिती असते असे मला वाटत नाही. रचना ठरली की पुढील काही वर्षांचे कष्ट कोणाच्या वाट्याला येणार हेही ठरून जाते. रात्री केंद्रावरून फोन आला तर तो कोणी घ्यायचा, कोणाचे कौशल्य उपयोगी पडायचे आणि कोणाचे मागे पडायचे, हे सारे त्या चर्चेत न बोलता हजर असते. आपल्या सहकाऱ्यांपैकी केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन दुरुस्ती कोण करतो, हे एकदा उघडपणे मांडून पाहा. मला खात्री वाटते की मतभेदाचा बराच भाग तिथे स्पष्ट होईल.

अशा वादाची माणसाला किती किंमत द्यावी लागते याचा दाखला पायथॉन या संगणक भाषेच्या इतिहासात आहे. २०१८ मध्ये अभिव्यक्तीच्या आतच चलाला मूल्य देणाऱ्या एका लहानशा चिन्हावरून तीव्र वाद झाला. भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी तो प्रस्ताव स्वीकारला, पण एका प्रस्तावासाठी इतके भांडावे लागावे आणि इतक्या लोकांनी आपल्या निर्णयाचा तिरस्कार करावा, हे पुन्हा नको, असे सांगून त्यांनी त्या जुलै महिन्यात अंतिम निर्णयकर्त्याचे पद सोडले. पुढे निवडून आलेल्या पाच जणांच्या मंडळाकडे कारभार गेला. ते चिन्ह २०१९ च्या ३.८ या आवृत्तीत आले आणि आज अनेक जण ते सहज वापरतात. एका चिन्हासाठी त्या समूहाने आपल्या सर्वांत अनुभवी माणसाला थकवले, याचे मला आजही वाईट वाटते. तिघांच्या चमूत तर एक माणूस दुरावला की एक तृतीयांश बळ जाते.

माझी सूचना अशी आहे की निर्णय लेखी असावा आणि त्यात नाकारलेल्या पर्यायाची सर्वांत भक्कम बाजू त्या पर्यायाच्या विरोधकानेच लिहावी. स्वतंत्र सेवांना विरोध असलेल्याने त्यांच्या बाजूचे लिहावे, आणि क्लाउडच्या समर्थकाने स्थानिक प्रोग्रामच्या बाजूचे. पार्श्वभूमी, निर्णय आणि त्याचे बरेवाईट परिणाम अशा छोट्या नोंदींची पद्धत मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडली होती आणि ती आता बरीच रुळली आहे. कोणत्या परिस्थितीत हा निर्णय पुन्हा उघडायचा, हेही त्याच पानावर लिहून ठेवावे, म्हणजे नवी बातमी आली म्हणून ऐन हंगामात वाद पेटणार नाही.

प्रश्नकर्ता: काटापट्टी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताईंचे उत्तर आम्ही तिघांनी एकत्र वाचले. लेखी नोंद करायचे ठरले आहे, आणि केंद्रांवर जाण्याचे काम आजवर एकाच सहकाऱ्यावर पडत होते हेही प्रथमच मोकळेपणाने बोलले गेले. केंद्रावर स्थानिक प्रोग्राम आणि चुकाऱ्यासाठी मध्यवर्ती सर्व्हर, या विभागणीला दोघांचीही संमती आहे. एक शंका उरते. काटापट्टी सर्व्हरवर पोहोचल्यानंतर केंद्रावर कापसाच्या प्रतीची चूक लक्षात आली, तर दुरुस्ती कोठे करावी?

उत्तर: आवक-जावक

दुरुस्ती केंद्रावरच करावी, परंतु मूळ काटापट्टीला हात लावू नये. मूळ क्रमांकाचा उल्लेख करणारी नवी दुरुस्ती-नोंद करावी, तीत कारण आणि करणाऱ्याचे नाव असावे, आणि ती त्याच रांगेतून सर्व्हरकडे जावी. चुकाऱ्याची यादी बँकेकडे गेली नसेल तर सर्व्हरने दोन्ही नोंदी मिळून रक्कम काढावी. गेली असेल तर फरकाची रक्कम पुढील यादीत वेगळ्या ओळीत दाखवावी. शेतकऱ्याला दुरुस्तीची छापील प्रत अवश्य द्यावी. त्याच्या हातातील कागद आणि खात्यात आलेली रक्कम यांत फरक पडला तर तो विचारायला केंद्रावरच येणार आहे, आणि तेव्हा दोन्ही कागद शेजारी ठेवून हिशेब दाखवता आला पाहिजे.